तोंडओळखीची पेठ: ‘आपलेपणा’ संशोधनाचा विषय कसा होतो?

पेटचा निकाल लागला की सिनॉप्सिसचा हंगाम सुरू होतो, आणि समाजशास्त्राच्या एखाद्या तरी मसुद्यावर हे शीर्षक असतंच: ‘पुण्यातील पेठांमधील समूहजीवनाचा ऱ्हास’. (पेट देऊन पेठ अभ्यासायची, हा विनोद आता जुना झालाय.) विषय चांगला आहे. शीर्षक मात्र अडचणीचं आहे, कारण त्यात प्रश्नच नाही, थेट उत्तर आहे. ऱ्हास झालाय हे आधीच ठरलं, आता पन्नास जणांकडून ते वदवून घ्यायचं तेवढं बाकी. आणि पेठेत ते वदवून घेणं फार सोपं. ‘वाड्यात कसं, दारं कधी बंदच नसायची’ हे वाक्य तुम्हाला पहिल्या चहाच्या आत मिळतं. दुसऱ्या मुलाखतीतही मिळतं. दहाव्या मुलाखतीत ते ऐकताना पेन थांबायला हवं आणि मनात यायला हवं, की इतक्या वेगवेगळ्या घरांतली माणसं एकच वाक्य का बोलतायत?

या लेखात मी तेवढंच उलगडायचा प्रयत्न करणार आहे. समूहजीवनाची ओढ आणि प्रत्यक्ष समूहजीवन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे पुरावे वेगळे असतात, आणि बहुतेक मसुदे पहिलीचे पुरावे गोळा करून दुसरीबद्दल निष्कर्ष काढतात.

आधी थोडं लांब जाऊन येऊ, कारण हा प्रश्न आपल्याआधी इंग्लंडमध्ये बराच घोळवला गेलाय. तिकडे ‘मार्केट टाउन’ नावाचा एक प्रकार आहे. मध्ययुगात राजाकडून आठवडी बाजार भरवायची सनद मिळालेलं गाव. मध्ये चौक, बाजूला चर्च, दुकानं, आणि बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून येणारी माणसं. आज त्या गावांतल्या बऱ्याच जणांची नोकरी दुसऱ्या शहरात असते, खरेदी सुपरमार्केटमध्ये होते, तरी अशा गावात घर घ्यायची हौस काही कमी होत नाही. का, तर तिथे ‘माणसं एकमेकांना ओळखतात’.

अशाच एका गावाचा, ऑक्सफर्डशायरमधल्या बॅनबरीचा, अभ्यास मार्गारेट स्टेसी यांनी केला. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी फिल्डवर्क केलं आणि १९६० मध्ये ‘ट्रॅडिशन अँड चेंज’ हे पुस्तक आलं. बॅनबरी जुनं बाजाराचं गाव. १९३० च्या दशकात तिथे अ‍ॅल्युमिनियमचा मोठा कारखाना आला आणि बाहेरून कामगार, इंजिनिअर, व्यवस्थापक आले. स्टेसींना गावात सरळसरळ दोन प्रकारची माणसं दिसली. एका प्रकारची माणसं नवीन माणूस भेटला की तो कोणत्या घरातला, कोणाचा कोण, हे आधी बघत. दुसरी माणसं तो काय करतो, काय शिकलाय हे बघत. पहिल्यांना त्यांनी परंपरानिष्ठ म्हटलं. आपल्याकडे ‘तुम्ही कोणापैकी?’ असं विचारतात ना, तोच प्रश्न. फक्त आपल्याकडे त्या प्रश्नाच्या पोटात जातही असते.

आता गंमत बघा. याच स्टेसींनी १९६९ मध्ये ‘द मिथ ऑफ कम्युनिटी स्टडीज’ नावाचा निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘समुदाय’ हा शब्द प्रत्येकजण आपापल्या अर्थाने वापरतो, त्यात वर्णन किती आणि इच्छा किती हे कळत नाही, तेव्हा संशोधकाने तो बाजूला ठेवून एखाद्या ठिकाणच्या संस्थांचे आणि नात्यांचे धागे एकमेकांत कुठे गुंततात आणि कुठे गुंततच नाहीत, तेवढं बघावं. सहकाऱ्यांबरोबर त्या परत बॅनबरीत गेल्या आणि १९७५ मध्ये दुसरं पुस्तक आलं. त्यात आधीची जुने-नवे अशी सरळ फाळणी पुरेशी ठरत नाही, असं त्यांना मांडावं लागलं. स्वतःचीच मांडणी पंधरा वर्षांनी त्याच गावात तपासणं हे आपल्याकडे दुर्मिळ आहे, म्हणून ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचा. सुटीत होतात वाचून.

आता पुण्यात येऊ. ‘पेठ’ म्हणजेच बाजार. कसबा सगळ्यात जुनी. बाकीच्या सोमवार, मंगळवार, बुधवार अशा वारांच्या नावाच्या, आणि त्या त्या वारी तिथे बाजार भरे, असं सांगितलं जातं. ही नावंही मुळातली नव्हेत: शनिवार पेठ आधी मुर्तजाबाद होती, रविवार पेठ मलकापूर. पेठांच्या आत पुन्हा धंद्यांच्या आळ्या. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, बोहरी आळी. १७३० मध्ये शनिवारवाड्याचं काम सुरू झाल्यावर शहर राजधानीचं झालं, पण भाजीबाजार कितीतरी काळ वाड्यासमोरच्या उघड्या मैदानावरच भरत राहिला. शुक्रवार पेठेतली मंडईची इमारत १८८६ मधली. तेव्हाचं नाव रे मार्केट, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. म्हणजे बॅनबरीसारखाच हाही बाजाराने बांधलेला गाव आहे, फक्त त्याच्याभोवती पुढे लाखोंचं शहर वाढलं.

तर मग या गावाची ओढ कोणाला वाटते? हा प्रश्न साधा वाटतो, पण इथेच संशोधनाची खरी वाट फुटते.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. शनिवार, नारायण, कसबा अशा पेठांतले शेकडो वाडे पडले किंवा राहण्याजोगे उरले नाहीत. माणसं गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली, पुढची पिढी कोथरूडला, सिंहगड रस्त्याला. म्हणजे पेठेची आठवण सांगणारा फार मोठा वर्ग साठ वर्षं पेठेच्या बाहेर राहतोय, आणि तो स्वतःहून हळूहळू बाहेर पडला असंही नाही, एका दिवसात उठवला गेला. अशा माणसाची आठवण तिथेच थांबलेली असते. त्याने त्यानंतरचा वाडा पाहिलेलाच नसतो: टेकू लावलेला जिना, गळकं छप्पर, मालक-भाडेकरू यांची कोर्टातली तारीख. जो मागे राहिला, त्याने हे सगळं पाहिलंय. दोघांना एकच प्रश्न विचारा, उत्तरं वेगळी येतील. पण मसुद्यात दोघंही ‘पेठेतील ज्येष्ठ नागरिक’ या एकाच रकान्यात जातात.

मँचेस्टरच्या आसपासच्या चार वस्त्यांचा अभ्यास करून माइक सॅव्हेज आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक कल्पना मांडली, तिला मराठीत ‘निवडलेलं आपलेपण’ म्हणता येईल. जन्मापासून तिथे असलेली माणसं त्या जागेबद्दल फार बोलत नाहीत, कधी कधी वैतागूनच बोलतात. जे विचार करून, पैसे मोजून तिथे आले, ते मात्र ‘हीच माझी जागा’ हे ठासून सांगतात, कारण जागेची निवड हा त्यांच्या आयुष्याच्या गोष्टीचा भाग झालेला असतो. आपल्याकडे रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन कसब्यात हेरिटेज वॉकला कोण येतं, ते बघा. मला त्यात काही चूक वाटत नाही, मीही अशा वॉकला गेलोय. पण वॉकला आलेल्यांची प्रश्नावली भरून घेऊन ‘पेठेतील समूहजीवन’ लिहिता येत नाही. त्यातून ‘पेठेबद्दलची ओढ’ लिहिता येईल, आणि तोही चांगला प्रबंध होईल, फक्त शीर्षक तसं द्या.

दुसरी बाजू, प्रत्यक्ष समूहजीवनाची. ते असतं कशात? इथे आपल्या भाषेत एक नेमका शब्द तयार आहे, परदेशी संज्ञा शोधायची गरज नाही: तोंडओळख. मैत्री नाही, नातं नाही, घरी जाणं-येणं नाही. कोपऱ्यावरचा अमृततुल्यवाला, किराणा दुकानदार, समोरच्या वाड्यातले जोशीकाका, रोज त्याच वेळी कुत्रा फिरवणाऱ्या बाई. नाव माहीत असेलच असं नाही. पण चार दिवस दिसला नाहीत तर कोणीतरी विचारतं, ‘गावाला गेला होता काय?’ माझ्या मते लोक ज्याला आपलेपणा म्हणून आठवतात, त्यातला मोठा हिस्सा जिवलग नात्यांचा नसून या तोंडओळखीचा असतो. जिवलग नाती फ्लॅटमध्येही टिकतात, फोनवरही टिकतात. तोंडओळख टिकत नाही. तिला एकच खुराक लागतो: ठरवून न केलेली, पुन्हा पुन्हा होणारी भेट.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा ‘विरळ नात्यांची ताकद’ हा निबंध तुम्ही नेटच्या तयारीत वाचला असेल. नोकरीची खबर जवळच्या मित्रापेक्षा लांबच्या ओळखीच्या माणसाकडून जास्त मिळते, कारण जवळच्या मित्राला जे माहीत ते आपल्यालाही माहीतच असतं. मंडईत हे रोज चालतं. भाजीवाल्या मावशींना कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुठली खोली रिकामी झाली, कोणता डॉक्टर बरा, हे सगळं कळतं, कारण त्यांच्यासमोरून निरनिराळ्या आळ्यांची, जातींची, धंद्यांची माणसं जातात. त्या आळ्या एकमेकींना भेटत नसल्या तरी त्यांच्या गाळ्यावर भेटतात. ‘मंडई विद्यापीठ’ हा जुना पुणेरी विनोद उगाच पडला नाही.

आता असं विचारा की या भेटी का होत होत्या. वाड्यात नळ सामाईक, संडास सामाईक, चौक सामाईक. भेट टाळायची म्हटली तरी टळत नव्हती. आणि तीच माणसं तीस-तीस वर्षं शेजारी का राहिली? याचं उत्तर बरेचदा प्रेमापेक्षा कायद्यात सापडतं. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. भाडेकरू जागा सोडेना, कारण इतक्या कमी भाड्यात दुसरी मिळणार नाही. मालक दुरुस्ती करेना, कारण येणाऱ्या भाड्यात ती परवडणार नाही. म्हणून वाडे खचत गेले आणि त्याच वेळी शेजार मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकला. एकाच कारणाचे हे दोन परिणाम आहेत. १९९९ च्या नव्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचं संरक्षण बरंचसं चालूच ठेवलं. ‘वाडा संस्कृती’वर लिहिणाऱ्या किती जणांनी भाड्याच्या पावत्या बघितल्या आहेत? तुम्ही बघा. पावतीवरची रक्कम आणि मुलाखतीतला ‘किती माया होती हो’ हा उद्गार शेजारी शेजारी ठेवले की प्रकरण आपोआप उभं राहतं.

याचा अर्थ माया खोटी होती असं मुळीच नाही. सामाईक नळावर भांडणं झाली तशी बाळंतपणंही निभावली गेली. पण कारण काय हे कळलं नाही, तर आज पुनर्विकासाच्या बैठकीत तुम्ही काही उपयोगाचं सांगू शकणार नाही. वाडा पाडून सात मजली इमारत होते, प्रत्येकाला स्वतःचा नळ आणि संडास मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. प्रश्न असा आहे की न ठरवता होणाऱ्या भेटीची जागा त्या नकाशात कुठे उरते: जिन्यापाशी, खालच्या दुकानाच्या ओळीत, की फक्त पार्किंगमध्ये? आणि तळमजल्यावरच्या पोटभाडेकरूला, फळीवर दुकान थाटलेल्या इस्त्रीवाल्याला त्या नकाशात जागा आहे का? तोंडओळखीचं जाळं बरंचसं त्यांच्याच जिवावर चालत होतं. बैठकीला त्यांना बोलावलेलं नसतं.

इथून पुढे विषय जरा अवघड होतो.

सगळे सगळ्यांना ओळखतात, यात सुख आहे तसा धाकही आहे. १८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला जाताना त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकला गेला, हे आपण शाळेपासून वाचतो. पण समूहजीवनाच्या नजरेने त्याकडे बघितलंय का? ती कोण आहे, कोणाची सून आहे, कुठे आणि किती वाजता चाललीय हे फेकणाऱ्यांना माहीत होतं. अनोळखी शहरात हे जमत नाही. पुढच्याच वर्षी जोतीरावांच्या वडिलांवर दबाव आला आणि त्या दोघांना घर सोडावं लागलं. दबाव आला कुठून, तर ओळखीच्या माणसांकडून. तेच जाळं, तीच तोंडओळख, उलट्या दिशेने चाललेली.

पाण्याचंही तसंच. पेठांच्या आठवणींत हौद येतातच, कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने आणलेलं पाणी, हौदावर जमणाऱ्या बायका, गप्पा. पण १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला ही घटना ठरली, याचा अर्थ बाकीच्या हौदांवरच्या गप्पांत कोण नव्हतं ते स्पष्ट आहे. १९२९ मध्ये पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला तेव्हा सत्याग्रहींवर दगडफेक झाली. म्हणून ‘दारं कधी बंद नसायची’ हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: कोणाला? कोण चौकापर्यंत यायचं, कोण ओट्यापर्यंत, कोण स्वयंपाकघरापर्यंत? हा प्रश्न विचारायला अवघड जातो, कारण समोर बसलेल्या आजींनी तुम्हाला आत्ताच पोहे दिलेले असतात. तरी विचारा. हळू विचारा, घराचा नकाशा काढायला सांगून विचारा, पण सोडू नका. आणि ज्यांना ओट्याच्या पुढे प्रवेश नव्हता, त्यांच्या घरी जाऊन तीच पेठ त्यांच्या तोंडून ऐका.

जातीचा मुद्दा नसतानाही हे घडतं, हे नॉर्बर्ट एलियास आणि जॉन स्कॉटसन यांनी १९६५ मध्ये दाखवलं. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या एका वस्तीत दोन शेजारचे कामगार मोहल्ले होते. वंश तोच, वर्ग तोच. फरक एवढाच की एक मोहल्ला आधीपासूनचा आणि दुसरा नंतर आलेला. जुन्यांनी संस्था, क्लब आणि मुख्य म्हणजे गावगप्पा ताब्यात ठेवल्या होत्या, आणि त्या गप्पांतूनच नवे लोक ‘तसले’ ठरले. मंडळाची कार्यकारिणी, तालमीचा आखाडा, पारावरचा कट्टा यांचा अभ्यास करताना हे पुस्तक हाताशी ठेवा.

जाता जाता मंडईचं एक सांगायचं राहिलं. नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत झालीच, आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. सगळ्यांची म्हणून जी जागा आपण आठवतो, तिच्याबद्दल तेव्हाही एकमत नव्हतं.

मग पुरावा कुठे शोधायचा? मुलाखती हव्यातच, पण त्यांच्याबरोबर त्या काळात लिहिलेलं काहीतरी हवं. पुण्याचं नशीब असं की गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण करून ठेवलंय. पहिला भाग १९४५ चा, दुसरा १९५२ चा. नंतर सोवनी, आपटे आणि पेंडसे यांचं पुनर्सर्वेक्षण १९५६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिन्ही पानशेतच्या आधीची, म्हणजे आठवणी गोठायच्या आधीची. घर, धंदा, उत्पन्न यांची कोरडी मोजदाद आहे, वाचताना झोप येते, पण आजींच्या आठवणीतला वाडा आणि त्या तक्त्यांतला वाडा किती जुळतो हे तपासायला दुसरं इतकं चांगलं साधन नाही. त्याच्या जोडीला मंडळांची जुनी वर्गणीची पावतीपुस्तकं, दुकानदाराची उधारीची वही (दाखवली तर), आणि स्वतःचे डोळे. मंगळवार पेठेतला जुना बाजार अजून बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे किंवा मंडईत आठ-दहा वेळा एकाच जागी तासभर उभे राहा आणि फक्त एवढंच लिहा: कोण कोणाला न ठरवता भेटलं, किती वेळ थांबलं, पैशाच्या व्यवहाराशिवाय काय बोललं. पहिले तीन दिवस काहीच दिसत नाही. चौथ्या दिवशी चेहरे ओळखू यायला लागतात, आणि पाचव्या दिवशी तेच तुम्हाला विचारतात, ‘काय, आज उशीर?’ ही नोंदही डायरीत जायला हवी, कारण आता तुम्हीही त्या जाळ्यात आहात.

शेवटचा मुद्दा नैतिकतेच्या समितीचा, कारण तिथे हे विषय हमखास अडकतात. नावं बदलली की गोपनीयता पाळली, असं आपण अर्जात लिहितो. पेठेत ते चालत नाही. ‘अमुक आळीतले तांब्याच्या भांड्यांचे एक सत्तरीचे व्यापारी’ एवढं लिहिलंत की चार गल्ल्यांना ते कोण हे कळलं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावावर व्हिडिच आणि बेन्समन यांनी १९५८ मध्ये पुस्तक काढलं. गावाचं नाव बदललं होतं, माणसांची बदलली होती, तरी गावाने स्वतःला ओळखलं. चार जुलैच्या मिरवणुकीत गावकऱ्यांनी एक चित्ररथ काढला, त्यावर पुस्तकातली खोटी नावं मिरवणारी मुखवटे घातलेली माणसं, आणि मागे शेणखताच्या गाडीवर लेखकाचा पुतळा. आपल्याकडे गणपतीचे देखावे होतात, तेव्हा विचार करून लिहा. दोन-तीन माणसांचे तपशील एकत्र करून एक पात्र करणं, धंदा किंवा आळी बदलणं, आणि छापण्याआधी तो भाग त्या माणसाला वाचून दाखवणं, हे तीनही अर्जातच लिहून टाका. वाचून दाखवायला दीडपट वेळ लागतो, तो वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल देताना गाईडसमोर पंचाईत होते.